मधोमध भोक

जव्हेरीणबाईंच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या होत्या, पण भिंगरी काही बसत नव्हती. चिमट्यात धरलेला खडा घेऊन खिडकीपाशी जायची, उजेडात फिरवायची, परत येऊन तो टेबलावरच्या काळ्या मखमलीवर ठेवायची, आणि हात सुटतो न सुटतो तोच पुन्हा उचलायची. या दुकानात येण्याची ही तिची तिसरी खेप होती. एवढे खडे बघून अजून एकही तिच्या पसंतीस उतरला नव्हता.

"याच्या कडा सारख्या नाहीत," ती म्हणाली.

"नसणारच," जव्हेरीणबाई म्हणाल्या. "जुन्या घाटाचा आहे तो. कुणीतरी हाताने घासलाय, नुसत्या नजरेने मापून. तुला जुनाच हवाय ना?"

"जुनाच हवाय."

"मग जुन्यासारखा दिसतो म्हणून नापसंत कसा, पोरी?"

उत्तर भिंगरीकडे होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. तिने पुढची पुडी उघडायला घेतली.

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. लहानपणापासून तिचे पाय एका जागी ठरत नसत, म्हणून आईने ठेवलेलं. पुढे ती प्रकाशशास्त्र शिकली आणि भिंगांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून लागली, तेव्हा आई म्हणाली, "नाव ठेवताना मी काही एवढा लांबचा विचार केला नव्हता हो."

तिचा होणारा नवरा दुसऱ्या खुर्चीत बसून खिशातल्या रंगीत प्लास्टिकच्या चौकोनी तुकड्याची घडी घालत होता, उलगडत होता. नाटकांना प्रकाश देणं हा त्याचा धंदा, त्यामुळे त्याच्या खिशात असले तुकडे नेहमी सापडत. पहिल्या भेटीत आईने त्याला विचारलं होतं, "तुम्ही दिवे लावता असं ऐकलं. म्हणजे नेमके काय दिवे लावलेत आजवर?" तो म्हणाला, "काकू, नुसते लावत नाही. वेळेवर विझवतोसुद्धा." तेव्हापासून आई त्याला दिवेवाला म्हणे, आणि तेही प्रेमाने.

अंगठ्या घालायच्या होत्या रविवारी. जडकाम करणाऱ्याने बजावलं होतं की शुक्रवारी दुपारपर्यंत खडा हातात आला तर अंगठी होईल, नाहीतर रिकामं कोंदण घालून हिंडा. आज बुधवार होता.

आता भिंगरीच्या मनात काय होतं, ते सांगायला हवं.

ती सहा-सात वर्षांची असताना तिचे वडील घर सोडून गेले आणि दुसऱ्या गावी त्यांनी दुसरा संसार थाटला. त्यानंतर थोड्याच दिवसांत आईच्या बोटातली हिऱ्याची अंगठी दिसेनाशी झाली. बोटावर तेवढा फिकट पट्टा राहिला, तोही पुढे उन्हाने बुजला. आई काही बोलली नाही आणि भिंगरीने विचारलं नाही. पण त्या खड्याचं एक चित्र तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ताप आला की ती आईच्या कुशीत पडून त्यात डोकावायची. खड्याच्या मधोमध एक बारीक गोल भोक होतं, आणि त्यातून पाहिलं की पलीकडे एखादी इवलीशी अंधारी खोली असावी तसं वाटायचं.

आईने तो हिरा नाइलाजाने, डोळ्यांतलं पाणी गिळून विकला, असं भिंगरीने मनोमन ठरवून टाकलं होतं. आणि आपण मोठं झालो की तो परत आणायचा, हेही. जुने खडे घेणारं-विकणारं दुकान गावात हे एकच. म्हणून लग्न ठरल्यावर तिने अट घातली, हिरा हवा तर जुन्या घाटाचाच. दिवेवाल्याला वाटलं, ही आवड आहे. रविवारी तो खडा आपल्या बोटावर दिसला की आईचा चेहरा कसा होईल, हे भिंगरीने इतक्यांदा पाहून ठेवलं होतं की खरोखर पाहायचं तेवढं बाकी होतं.

पहिल्या खेपेला जव्हेरीणबाईंनी पहिली पुडी उलगडली, भिंगरीने भिंग डोळ्याला लावलं, आणि तिचे कान गरम झाले. मधोमध भोक! हाच, असं ती ओरडणारच होती. तेवढ्यात बाईंनी दुसरी पुडी उलगडली. तिच्यातल्या खड्यालाही भोक होतं. तिसऱ्यालाही.

"बाई, सगळ्यांनाच भोक आहे?"

"भोक नव्हे गं ते—"

पण बाईंचं वाक्य पुरं होण्याआधीच भिंगरीच्या लक्षात आलं. जुने कारागीर हिऱ्याचं खालचं टोक अणकुचीदार ठेवत नसत. टवका उडू नये म्हणून तिथे एक छोटासा सपाट पैलू पाडत. वरून पडलेला उजेड बाकीच्या पैलूंवरून परत फिरतो आणि त्या सपाट जागेतून मात्र सरळ निसटून जातो, म्हणून तेवढाच ठिपका काळा दिसतो. हे तिला कळायला क्षण पुरला. इतकी वर्षं का कळलं नव्हतं, तर तिने आयुष्यात एकाच हिऱ्यात डोकावून पाहिलं होतं. एका नमुन्यावरून नियम बांधू नये, असं कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात. तिने एका नमुन्यावरून अपवाद बांधून ठेवला होता.

तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ओळखीची एकुलती एक खूण गेली. तो खडा गोल होता की जरासा चौकोनी? पांढरा होता की पिवळसर? आठवायला जावं तर रोज नवंच काहीतरी आठवायचं. पुडीतला कुठलाही खडा आईचा असू शकत होता, आणि हाच तो असं एकाबद्दलही म्हणता येत नव्हतं. म्हणून ती एकेकात खोट काढत होती. खोट काढणं हाच तिचा धंदा असल्यामुळे त्या कधी कमी पडत नव्हत्या.

"आज राहू दे," ती शेवटी म्हणाली.

बाईंनी पुड्या मिटल्या. "ये उद्या. खडे काही पळून जात नाहीत. माणसं जातात."

रस्त्यावर आल्यावर दिवेवाल्याने हातातला प्लास्टिकचा तुकडा घडी करून खिशात टाकला. मग म्हणाला, "एक विचारू?"

"विचार की."

"म्हणतात ना, नाकापेक्षा मोती जड. इथे मोतीच ठरत नाहीये आणि नाक बिचारं ताटकळत बसलंय."

"काय वेड्यासारखं बोलतोस!"

"नाही, खरंच सांग. खडा पसंत नाही, की खडा नुसतं निमित्त आहे?"

भिंगरी थांबली. आत्ताच सांगून टाकावं असं तिच्या ओठांवर आलं. पण सांगितलं असतं तर तो त्या दोघांच्या अंगठीचा बेत राहिला नसता, आईचा झाला असता. आणि तो खडा सापडलाच नाही तर मग सांगून काय उपयोग? ती म्हणाली, "मला थोडा वेळ दे."

"रंगमंचावर अंधार करायचा असतो ना, तेव्हा मी दिवे हळूहळू उतरवतो," तो म्हणाला. "एकदम घालवले तर नट अडखळून पडतात. तुला आपल्या दोघांतही अंधारच करायचा असेल, तर एवढं लक्षात ठेव." आणि तो तालमीला निघून गेला.

ती रात्र कशीबशी गेली. गुरुवारी कारखान्यात तिने भिंगांचा एक अख्खा ट्रे नापास केला. मुख्य तपासनीसबाईंनी तो परत पाहिला आणि तिला हाक मारली.

"यात काय दोष आहे?"

"मधोमध ठिपका आहे."

"कुठे?"

भिंगरीने भिंग दिव्याखाली धरलं. ठिपका होता खरा, पण तो भिंगात नव्हता. तिच्याच दिव्यामुळे पडलेली सावली होती. दिवा तिरका झाला होता आणि तिने तो सरळ केलाच नव्हता.

"घरी जा," तपासनीसबाई म्हणाल्या, "आणि डोळे जिथे ठेवून आलीस तिथून घेऊन ये."

भिंगरी घरी गेली नाही. ती आईच्या गाडीची वाट बघत कोपऱ्यावर उभी राहिली. आई गाडी चालवायला शिकवत असे. टपावर शिकाऊ अशी पाटी, शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक आणि आईच्या पायाशी दुसरा. या वेळेला जजसाहेबांचा तास असे. निवृत्त न्यायाधीश होते ते. उभ्या हयातीत हजारो निकाल दिलेले, पण चौकात डावीकडे वळावं की उजवीकडे, याचा निकाल त्यांच्याकडून लागत नसे. गाडी थांबली आणि भिंगरी मागच्या सीटवर जाऊन बसली.

"आज लवकर गं?" आईने विचारलं.

"डोळे दुखत होते."

"बरं. जजसाहेब, निघा. आरसा बघा. बघितला? आता पुढे बघा. गाडी पुढे जाणार आहे, आरशात नाही."

गाडी निघाली. मागे बसलेल्या भिंगरीचा उजवा पाय सवयीने खाली दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता, पण शिकवणीच्या गाडीत वाढलेल्या पोरांचे पाय असेच होतात.

बाजाराच्या चौकाशी आल्यावर तिने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, तुझ्या त्या अंगठीतला खडा गोल होता की चौकोनी?"

आईने ब्रेक दाबला. जजसाहेब स्टिअरिंगवर आदळले, इंजिन बंद पडलं, आणि भर चौकात मागच्या सगळ्या गाड्यांनी एकदम हॉर्न लावला.

"माझं काही चुकलं का?" जजसाहेबांनी विचारलं.

"नाही हो. आज माझं चुकलं. चावी फिरवा." मग आरशातून भिंगरीकडे बघत, "कुठली अंगठी?"

"तुझी. जी... जी विकावी लागली."

"विकावी लागली? कुणी सांगितलं तुला? मी विकली. माझ्या मर्जीने विकली, आणि दुकानातून बाहेर पडले ती जवळजवळ उड्या मारत. जजसाहेब, कडेला घ्या. सिग्नल द्या आधी!"

गाडी कडेला लागली. आई वळून बसली.

"रडली नाहीस?" भिंगरीने विचारलं.

"रडून आधीच झालं होतं, घरी, न्हाणीघरात, नळ सोडून. दुकानात कशाला रडू? त्या खड्याच्या बदल्यात मी पहिली गाडी आणली. ती हिरवी, आठवते का?"

"मागची सीट फाटलेली?"

"तीच. तिच्यात तू झोपलीस, पाढे पाठ केलेस, दोनदा ओकलीस. तुझा तो खडा तू रोज वापरत होतीस, बये. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा!"

"पण त्याला मधोमध भोक होतं..."

"भोक होतं? त्या हिऱ्याला?" आईचे डोळे मोठे झाले. "अगंबाई! मग बरीच किंमत आली म्हणायची. त्यांना दिसलं नसेल बहुतेक."

भिंगरीला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही. मग तिने सगळं सांगितलं. दुकान, पुड्या, रविवारचा बेत. जजसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले, पण त्यांचा कान गाडीतच होता.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तू तुझ्या अंगठीत माझं मोडलेलं लग्न जडवून घ्यायला निघाली होतीस."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. मला तो खडा नको, भिंगरे. माझ्या बोटात नको आणि तुझ्या बोटात तर मुळीच नको. आणि त्या दिवेवाल्याला हे ठाऊक आहे?"

"नाही."

"वा! म्हणजे खडा माझा, अंगठी तुझी आणि गप्प बसायचं काम त्याचं!"

एवढ्यावर भिंगरीच्या मनाचा निवाडा व्हायला हवा होता. पण झालं उलटंच. इतके दिवस हाच तो असं सिद्ध करता येत नाही म्हणून ती एकही खडा घेत नव्हती. आता हा तो नाही असं सिद्ध करता येणार नव्हतं. रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. नेमका तोच उचलला तर? जो नको म्हणून आई हसत हसत विकून आली, तोच आपण हौसेने बोटात घालून तिच्यासमोर उभ्या राहिलो तर?

सकाळी चहाच्या वेळी तिने विचारलं, "आई, तू पाहिलास तर ओळखशील?"

"शंभरांत ओळखेन. इतकी वर्षं बोटात होता माझ्या."

"मग चल. तो कुठला ते सांग, म्हणजे तेवढा सोडून दुसरा घेते."

दिवेवाल्याला तिने निरोप धाडला, दुकानात ये, सगळं सांगते. आई म्हणाली, जजसाहेबांचा तास कशाला बुडवायचा, त्यांनाच न्यायला लावू. अशा रीतीने शुक्रवारी सकाळी शिकाऊ पाटीची गाडी जव्हेरीणबाईंच्या दारात, फूटपाथपासून चांगली हातभर लांब, उभी राहिली.

बाईंनी सगळ्या पुड्या एका ओळीत उलगडल्या. आई एका खुर्चीत बसली, जजसाहेब दुसरीत. भिंगरी अर्थातच उभी. आईने पहिला खडा बघितला, चष्मा लावून बघितला, काढून बघितला. दुसरा बघितला. एक खडा करंगळीच्या नखावर ठेवून हात लांब धरला. भिंगरी कधी तिच्या चेहऱ्याकडे बघे, कधी दाराकडे. आई शेवटच्या खड्यापर्यंत गेली, परत पहिल्यापाशी आली आणि हात मांडीवर ठेवून बसली.

"काय गं?"

"मला ओळखता येत नाही," आई म्हणाली. तिच्या आवाजात जरा आश्चर्यच होतं. "खरंच येत नाही. सगळे सारखेच दिसतात मला. मला वाटलं होतं, बघितल्याबरोबर काहीतरी होईल."

"काहीच झालं नाही?"

"भूक लागलीय. बाकी काही नाही."

"यात तो नाहीच, असं शपथेवर सांगाल?" जजसाहेबांनी विचारलं.

"नाही सांगता येणार."

"आहेच, असं?"

"तेही नाही."

"मग प्रश्नच मिटला. खड्यांना संशयाचा फायदा द्यावा," जजसाहेब म्हणाले. एवढा झटपट निकाल त्यांनी स्टिअरिंगमागे बसून कधी दिला नव्हता.

"आमच्या सासऱ्यांच्या काळात घेतला असेल तर तो कधीच कुठल्या कुठे गेला असेल," जव्हेरीणबाई म्हणाल्या. "किंवा इथेच असेल. मला काय ठाऊक?"

तेवढ्यात दिवेवाला आला. तालमीतून तसाच आला होता, कानामागे पेन्सिल आणि चेहरा असा, की वाईट बातमी ऐकायची तर उभ्यानेच ऐकू. भिंगरीने त्याला बाजूला नेलं नाही. सगळ्यांसमोर, एका दमात, तापातल्या भोकापासून कालच्या ब्रेकपर्यंत सगळं सांगितलं. 

"म्हणजे इतके दिवस तू नाही म्हणत होतीस, ते खड्याला."

"खड्यालाच."

"मला नाही."

"तुला कशाला? तुला तर मी तपासलंसुद्धा नाही."

"तपासलं नाहीस?" त्याने कपाळाला हात लावला. "ही तर शुद्ध हयगय झाली. मुख्य तपासनीसबाईंना कळवायला हवं."

जव्हेरीणबाई हसल्या. आई मात्र हसली नाही. तिने दिवेवाल्याला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "तुम्हाला न सांगता हिने हे केलं, ते चुकलंच. पण शिकवलं मीच. आमच्या घरात न बोलण्याची सवय जुनी आहे, त्या खड्यांइतकीच." मग भिंगरीकडे वळून, "आता निवड. आणि मला विचारू नकोस."

भिंगरी ओळीसमोर उभी राहिली. भिंग तिच्या हातात होतं, पण आता त्यातून शोधायचं काय? तो आहे का, हे पाहायचं नव्हतं. तो नाही ना, हेही नाही. आपल्याला यातला कुठला आवडतो, हा प्रश्न तिने एकदाही स्वतःला विचारला नव्हता, हे तिला तिथे उभ्याउभ्या कळलं. जरा भीतीच वाटली तिला. या प्रश्नाला मोजमाप नव्हतं.

"बाई, पडदा ओढू का?" दिवेवाल्याने विचारलं आणि होकाराची वाट न बघता खिडकीचा पडदा ओढला. खिशातून छोटी बॅटरी काढून त्याने ती सावकाश ओळीवरून फिरवली. नव्या हिऱ्यांतून चुरचुर बारीक ठिणग्या उडतात, तसं इथे नव्हतं. या खड्यांतून रुंद, संथ पट्टे निघत होते. एक विझला की मग दुसरा. ओळीतल्या एका खड्याचं भोक मधोमध नव्हतं, किंचित डावीकडे सरकलेलं होतं. बॅटरी त्याच्यावरून गेली तसा एक लाल आणि त्यामागोमाग एक हिरवा पट्टा उठला आणि समोर बसलेल्या आईच्या गालावरून सरकत गेला. आईने माशी बसल्यासारखा हात फिरवला.

"हा," भिंगरी म्हणाली. आणि लगेच, "पण हाच तो असला तर?"

आईने त्या खड्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे.

"असला तर असला," ती म्हणाली. "माझ्याकडे होता तेव्हा त्याने एवढा उजेड कधी पाडला नव्हता."

बाईंनी पुडी बांधली. दुपार व्हायच्या आत ती जडकाम करणाऱ्याकडे पोचायला हवी होती, आणि गाडी जजसाहेबांच्या हातात होती. मागे भिंगरी आणि दिवेवाला बसले. गाडीने दोन धक्के खाल्ले आणि निघाली. भिंगरीला राहवेना. तिने पुडी उघडली. खड्यात डोकावली. तोच काळा ठिपका, तीच इवलीशी खोली. डावीकडे सरकलेली. आईच्या खड्याचं भोक बरोबर मधोमध होतं ना? की तेही असंच सरकलेलं होतं? तिने डोळे बारीक केले.

"भिंगरे, पुडी मीट," आई पुढून म्हणाली. मागे वळून न बघता. "चौक आलाय."

समोरून एक सायकलवाला आडवा आला. आईचा पाय दाबला गेला, मागे भिंगरीचाही, आणि गाडी थांबली. थांबल्यावर आईच्या लक्षात आलं की जजसाहेबांनी तिच्याआधीच ब्रेक लावला होता.

"शाबास," ती म्हणाली. "आता डावीकडे की उजवीकडे?"

"सांगतो," जजसाहेब म्हणाले.

मागे हॉर्न वाजायला लागले. भिंगरीने पुडी मिटून मुठीत घट्ट धरली, आणि त्या मुठीवर दिवेवाल्याने आपला हात ठेवला.